अंगलटीचा ठराव

ज्या गोष्टीवर अनेकांचा हक्क असतो तिची पाहणी अनेकांनी मिळून करावी, हे लोकशाहीचं तत्त्व आहे. रस्ते, पाझर तलाव, शाळेच्या खोल्या आणि लग्नाच्या मुली यांना ते लागू होतं. यांपैकी पहिल्या तिन्हींची पाहणी सरकार करतं, आणि म्हणून ती कागदावर होते. (पुष्कळदा तलावही कागदावरच असतो.) मुलींची पाहणी मात्र समाजाने स्वतःच्या अंगावर घेतलेली आहे. ती प्रत्यक्ष जागेवर जाऊन होते, चहा-पोह्यांसह होते, आणि तिच्यात कधी हयगय झाल्याचं ऐकिवात नाही.

उंब्रज आणि आसपासच्या भागात या पाहणीचे दोन टप्पे असत. पहिला टप्पा सोप्यात. तिथे पुरुषमंडळी मुलीला तिचं पूर्ण नाव विचारत, जे त्यांना आधीच माहीत असे. दुसरा टप्पा माजघरात. तिथे पाहुण्या बायका मुलीला आत नेत, केस सोडून ते तिचेच आहेत याची खात्री करून घेत, चालायला लावून पाय बघत, सुईत दोरा ओवायला लावून नजर बघत. शेवटचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं. त्यासाठी काही विचारायचं नसे आणि काही करायलाही लावायचं नसे. नुसतं बघायचं. या कलमाला अंगलट, म्हणजे अंगाची ठेवण, म्हणत.

अंगलटीच्या बाबतीत पंचक्रोशीत धोंडुबाईंचा शब्द अखेरचा होता. त्या सगळ्यांच्याच लांबच्या नात्यातल्या असल्यामुळे कुठल्याही मुलाच्या बाजूने जाऊ शकत. साखर कारखान्याचा अनुभवी माणूस बांधावर उभा राहून उसाचा उतारा सांगतो, तशा धोंडुबाई उंबऱ्यावर उभ्या राहून अंगलट सांगत. फरक इतकाच, की उसाची साखर नंतर मोजता येते.

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यापर्यंत सुभेदार मानसिंग थोरात यांची मुलगी शालन तीन वेळा या पाहणीतून गेली होती. शालन कराडच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाली होती. याबद्दल तिला आजवर एकच प्रश्न विचारला गेला होता. तो असा : "बीएश्शीला काय काय रांधायला शिकवत्यात?" शालनने "काही नाही" असं खरं उत्तर दिलं होतं आणि ते तिच्या विरोधात गेलं होतं.

तिसरा नकार कराडकडच्या रावसाहेबांचा. त्यांचे चिरंजीव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. निरोप घेऊन केरबा आला. केरबा हा मध्यस्थ. लग्न जुळलं तर त्याला फेटा मिळे आणि मोडलं तर नुसताच चहा, त्यामुळे त्याला लग्न जुळण्याची मनापासून कळकळ होती.

"पोरगी झ्याक हाय म्हनत्यात," केरबा म्हणाला. "घर नामी हाय. पर..." आणि त्याने हवेत तळहात आडवा फिरवला, गिलावा केलेल्या भिंतीवरून गवंडी फिरवतो तसा.

"पर काय?" सुभेदारांनी विचारलं.

"आवं सुभेदार, आता कसं सांगू. रान चांगलं हाय, पर लय सपाट हाय म्हनत्यात."

"सपाट रान तर बरं की गड्या," सुभेदारांचे धाकटे भाऊ भाऊसो म्हणाले. ते विकास सोसायटीचे चेअरमन होते. "पानी सगळीकडं सारखं बसतंय."

केरबाने त्यांच्याकडे दयेने बघितलं. मग भाऊसोंच्याही ध्यानात आलं आणि त्यांनी पान लावायला घेतलं.

शालन त्या वेळी दाराआड उभी होती. शास्त्राचं शिक्षण घेतलेल्या माणसाला मोजमापाचा राग येत नाही. मोजमाप कुणी केलं, कशाने केलं आणि कशासाठी केलं, हे मात्र त्याला विचारावंसं वाटतं. विचारायला तिथे कुणी नव्हतं.

शालनचा थोरला भाऊ अर्जुना लष्कराच्या वैद्यकीय पथकात पुण्याला होता आणि नेमका रजेवर आला होता. जखमी जवानाला नवं नाक बसवताना त्याने स्वतः बघितलं होतं. त्याने घरच्यांना सांगितलं, की नाकाचं काम करणारे जे प्लास्टिक सर्जन असतात, त्यांच्यातलेच काही मुंबईला बायकांच्या स्तनांत सिलिकॉनच्या पिशव्याही बसवतात. (शरीराच्या त्या भागाचं नाव इथे लिहावं लागलं, कारण घरातल्या बैठकीत ते एकदाही उच्चारलं गेलं नाही. तिथे त्याला 'ते' असं म्हणण्यात आलं, आणि कामकाज कुठेही अडलं नाही.)

बैठकीला सुभेदार, भाऊसो, अर्जुना, शालनची आई राहीबाई आणि रहिमतपूरला दिलेली आत्या बनुबाई हजर होत्या. शालनही हजर होती, पण चहा देण्यापुरती. त्यामुळे तिची उपस्थिती चहात धरण्यात आली.

"पलाष्टिकचं डाक्टर म्हंजे?" बनुबाईंनी हरकत घेतली. "आपल्या न्हाणीतली बादली हाय, तसलं? आरं, ती उन्हात ऱ्हायली की तडाकती."

"आत्ती, हे बादलीचं न्हवं. हे अमेरिकेचं असतंय."

"अमेरिकेची ती तांबडी मिलो जवारी खाल्ली की दुस्काळात. कसली हुती ती मला ठावं हाय."

"मिलो फुकाट हुती," भाऊसो म्हणाले. "ह्येला दाम पडतोय, म्हंजे ह्ये चांगलंच असनार."

हा मुद्दा बिनतोड होता. राहीबाईंनी मध्येच विचारलं, "पर पोरीला दुखंल का वो?" प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे त्याला उत्तर मिळालं नाही.

इथे शालनची एक गोष्ट सांगायला हवी, जी बैठकीला माहीत नव्हती. मागे एका दुपारी घरात कुणी नसताना तिने आरशासमोर उभं राहून पोलक्यात कापसाचे दोन बोळे सरकवून बघितले होते. वाईट दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच बरं दिसत होतं. मग तिने स्वतःला विचारलं, हे बरं दिसतंय ते मला, की माझ्यात येऊन बसलेल्या धोंडुबाईंना? प्रयोगात बघणारा आणि बघितला जाणारा एकच असला की निष्कर्ष काढायला वेळ लागतो. शालनला तो वेळ हवा होता. ऑपरेशनला तिचा विरोध नव्हता, होकारही नव्हता. तिला फक्त ठरवायचं होतं, आणि ते तिलाच ठरवायचं होतं.

"आबा," ती कप गोळा करताना म्हणाली, "मला इचारनार का न्हाई?"

"तुज्याच भल्याचं चाललंय, तुला येगळं काय इचारायचं?" सुभेदार म्हणाले. "पलटनीत काय जवानाला इचारून ऑपरेशन करत्यात?"

"सही तर घेत्यात की. दादा, घेत्यात का न्हाई?"

अर्जुनाने जमिनीकडे बघत सांगितलं, "घेत्यात."

या अनपेक्षित माहितीमुळे ऑपरेशनच्या ठरावात दुरुस्ती झाली. आधी डॉक्टरांना भेटायचं, शालनलाही बरोबर न्यायचं, आणि तोवर हे पाच माणसांच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं.

गुप्तता पाळण्याची या भागातली पद्धत शिस्तबद्ध आहे. गुपित असं सहसा कुणालाच सांगायचं नसतं. ते फक्त अशा एकाच माणसाला सांगायचं असतं जो दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, आणि त्याच्याकडून तशी शपथ घ्यायची असते. बनुबाईंनी रहिमतपुरात आपल्या जावेला सांगितलं आणि शपथ घेतली. भाऊसोंनी सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं आणि शपथ घेतली. पुढे प्रत्येकाने असंच केलं. एकाही माणसाने शपथ न घेता सांगितल्याचं उदाहरण नाही. बनुबाई सकाळच्या एस.टी.ने आटपाडीला एका बारशाला गेल्या, तर बारशातल्या बायकांनी त्यांना एका बाजूला घेऊन विचारलं, "उंबरजच्या कुन्या सुभेदाराच्या पोरीचं काय ऐकतूय ते खरं का?" पदार्थविज्ञानात प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही असं शिकवतात. शालनला या नियमाबद्दल पहिल्यांदा शंका आली.

मुंबईचे एक सर्जन महिन्यातून एकदा सांगलीच्या एका खाजगी दवाखान्यात येत. सुभेदार, बनुबाई आणि शालन त्यांना भेटायला गेले. डॉक्टर भले होते. त्यांनी कागदावर अर्धवर्तुळ काढलं, त्याखाली रेघ मारली, आणि सुभेदारांकडे बघत सगळं समजावून सांगितलं. इथे छेद, इथे पिशवी, मग टाके, काही दिवस विश्रांती, पुढे महिनाभर जड उचलायचं नाही.

"मार्गशीर्षात तारखा हायत," सुभेदार म्हणाले. "तवर जमंल?"

"तोवर सूज उतरलेली असेल."

"डाक्टर," बनुबाई पुढे सरकल्या, "चुलीम्होरं बसल्यावर वितळायचं न्हाई न्हवं?"

"नाही."

"आन लेकराला दूध?"

"बहुतेकींना येतं."

"भौतेक म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांनाच येतं असं नाही," डॉक्टर म्हणाले. बनुबाईंना हे उत्तर पटलं; म्हशींचंही तसंच असतं.

मग शालनने तोंड उघडलं. "मला काही विचारायचं होतं."

डॉक्टरांनी परवानगीसाठी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांनी घड्याळाकडे बघितलं.

"पिशवी किती वर्षं टिकते?"

"चांगली टिकते."

"किती वर्षं?"

"हे बघा, ही निघूनच दहा-बारा वर्षं झाली आहेत."

"म्हणजे विसाव्या वर्षी काय होतं, ते अजून कुणालाच माहीत नाही."

"तसं म्हणता येईल," डॉक्टर म्हणाले, आणि खुर्चीत जरा सरळ बसले.

त्यानंतर शालन विचारत गेली आणि डॉक्टर सांगत गेले. ते चांगल्या घड्याळासारखे होते. किल्ली दिली की बरोबर चालत, फक्त किल्ली कुणी दिली नव्हती. जखमेत पू होऊ शकतो, मग पिशवी काढावी लागते. परक्या वस्तूभोवती शरीर आपलं एक वेष्टण तयार करतं. काहींच्यात ते आवळत जातं, मग तो भाग दगडासारखा कडक होतो, दुखतो, एका बाजूला ओढला जातो. स्पर्श कळेनासा होऊ शकतो. काहींचा परत येतो, काहींचा येत नाही. पिशवी फुटू शकते. पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. यातलं काहीच होणार नाही, असंही होऊ शकतं. वण मात्र सगळ्यांनाच राहतो. पुसट होतो, जात नाही.

"तुम्ही ज्यांचं केलं, त्या बायका आता कशा आहेत?"

"खूश आहेत. एकही परत आली नाही."

शालनने या पुराव्याचा विचार केला. या हिशेबाने चुकीच्या थांब्यावर उतरलेले सगळे प्रवासीही खूश असतात. त्यांच्यातलाही कुणी कंडक्टरकडे परत येत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारला. "तुम्हाला स्वतःला हवंय का हे?"

"व्हय," सुभेदार म्हणाले.

"तर वो," बनुबाई म्हणाल्या.

"मला अजून माहीत नाही," शालन म्हणाली.

"मग माहीत झालं की या. हवंसं वाटलं तर या, नको वाटलं तर येऊ नका. हा काही आजार नाही, घाई कशाची नाही."

याचा अर्थ सुभेदारांनी 'तारीख मागाहून कळवू' असा घेतला आणि मंडळी उठली.

त्याच संध्याकाळी सांगलीत मामाच्या घरी शालनला ताप भरला. तो टायफॉइड निघाला. राहीबाई धावत आल्या. महिनाभर शालन अंथरुणात होती; पेज आणि मोसंबीचा रस यांवर तिचा जो काही ऐवज होता तोही निम्मा झाला. दिवाळीच्या आधी ती अंगाभोवती शाल गुंडाळून, आईच्या आधाराने उंब्रजच्या स्टँडवर उतरली.

मुलगी सर्जनकडे सांगलीला गेली, महिन्याने परत आली, हळू चालते, शाल सोडत नाही. एवढ्या पुराव्यावर गावाने निष्कर्ष काढला, आणि शास्त्रीय दृष्टीने बघितलं तर यात दोष काढायला जागा नव्हती. निष्कर्ष खोटा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून बायका भेटीला येऊ लागल्या. अशा ऑपरेशननंतर काय न्यावं याचा रिवाज अजून पडला नव्हता, म्हणून तात्पुरता बाळंतिणीचा रिवाज लागू करण्यात आला. डिंकाचे लाडू आले, अळिवाची खीर आली. धोंडुबाई स्वतः आल्या. त्यांनी उंबऱ्यावर थांबून एकदा बघितलं, मग आत येऊन एकदा बघितलं.

"लय ग्वाड काम केलंय," त्या राहीबाईंच्या कानाशी म्हणाल्या. "जरा बी कळत न्हाई गं."

"आवं धोंडुआक्का, काय केलंच न्हाई तर काय कळनार? तापानं मरता मरता वाचली पोर."

"व्हय व्हय, ताप," धोंडुबाई म्हणाल्या. "आमी काय भाईर बोलतूय व्हय?"

यातली अडचण शालनच्या लगेच लक्षात आली. ऑपरेशन केलं असतं, तरी घरच्यांनी 'केलं नाही' असंच म्हटलं असतं. केलं नव्हतं, म्हणूनही ते तेच म्हणत होते. दोन्ही बाजूंनी सारखंच उत्तर येतं तेव्हा उत्तराची किंमत शून्य होते. राहीबाई जितक्या कळवळून नाही म्हणत, तितके लाडू जास्त येत.

परीक्षेत विचारलं तर शालनने हे असं लिहिलं असतं : शरीर तेच, वजन घटलेलं; वाढलेली गोष्ट एकच : लोकांना मिळालेली माहिती; परिणाम : अंगलटीत डोळ्यांत भरण्याइतकी वाढ. याला पुष्टी दिली शिंपी सिद्धूने. त्याने चोळीचं माप घेतलं, ते आधीपेक्षा कमी आलं. त्याने पुन्हा घेतलं. मग त्याने फीत उजेडात धरून नीट बघितली आणि म्हणाला, "पावसाळ्यानं फीत वाढलीया." कराडहून त्याने नवी फीत आणली, तीही वाढलेली निघाली. शेवटी मापाचा नाद सोडून त्याने लोकमताप्रमाणे चोळी शिवली. ती शालनच्या अंगावर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. बायका म्हणाल्या, "बघा, आता कशी भरून दिसती."

मार्गशीर्ष लागला. रावसाहेबांकडून केरबा मोठ्या उत्साहात निरोप घेऊन आला, की आमचा मागचा नकार घाईत झाला, पुन्हा बघायला येतो.

पाहणी यथासांग पार पडली. सोप्यात रावसाहेबांनी शालनला तिचं पूर्ण नाव विचारलं. ते मागच्या खेपेनंतर बदललेलं नव्हतं. ओव्हरसियर चिरंजीव भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा बैल बघत बसले. आत धोंडुबाईंनी आणि रावसाहेबांच्या सौभाग्यवतींनी जे कलम तीन महिन्यांपूर्वी नापास केलं होतं तेच एकमताने पास केलं. बायका परत बाहेर येऊन बसल्या. 'पसंत' असा शब्द आला. केरबाने डोक्यावर हात फिरवून फेट्याचा अंदाज घेतला.

"आता येकच खुलासा," रावसाहेब घसा खाकरून म्हणाले. "रागाला येऊ नका. आमच्या घरात नकली काय चालत न्हाई. आमी डालडासुदीक घरात येऊ देत न्हाई."

"नकली कुटलं आलं?" सुभेदार म्हणाले. "काय केल्यालंच न्हाई."

"मग मागल्या बारीला न्हवतं ते आता कुटनं आलं?"

"आता बी न्हाईच की."

"म्हंजे पोरगी सपाटच हाय म्हना."

सुभेदारांनी दोन लढाया बघितल्या होत्या. त्या दोन्हींत शत्रू एका वेळी एकाच बाजूने आला होता. इथे 'केलं' म्हणावं तर माल नकली ठरत होता, 'नाही केलं' म्हणावं तर माल नव्हताच असं ठरत होतं.

"तसं कसं रावसाब," भाऊसो मदतीला धावले. "तुमच्याच बायकांनी आता पसंत केली की."

"पोरगी पसंतच हाय," रावसाहेबांनी मान्य केलं. ते न्यायी माणूस होते. "आमाला पोरगी पायजे. पिशव्या नकोत. त्या काढून टाका, काढल्याचा डाक्टरचा कागुद आना, की आमी कुंकू लावायला मोकळं."

"घातल्याच न्हाईत तर काढायच्या कशा?"

मग केरबाला सुचलं. आपल्या हातातून फेटा जाताना बघणाऱ्या माणसाचं डोकं फार वेगाने चालतं.

"त्येला काय हुतंय? आदी घालायच्या, मंग काढायच्या. कागुद मिळतुया."

कुणी हसलं नाही, कारण यात हसण्यासारखं काही नव्हतं. सूचना सर्व पक्षांना सोयीची होती. रावसाहेबांना कागद मिळत होता, थोरातांना मुलगी उजवायला मिळत होती, आणि दोन ऑपरेशनांनंतर शालन नेमकी आज होती तशीच राहणार होती, म्हणजे कुणाचं नुकसानही नव्हतं. सुभेदार विचारात पडले. पलटणीत सकाळी खंदक खणत, संध्याकाळी बुजवत. त्याला कुणी वाया गेलेलं काम म्हणत नसे.

"माज्या पोरीला दोनदा कापनार तुमी?" राहीबाई माजघराच्या दारातून म्हणाल्या.

"वैनी, दोनदा कुटं?" भाऊसोंनी समजूत घातली. "काढताना त्येच टाकं उसवायचं असत्यात."

तेव्हा शालन बाहेर आली. पाहणी संपल्यावर मुलीने सोप्यात यायची पद्धत नाही, त्यामुळे सगळे जरा सावरून बसले.

"डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशन केलं की वण ऱ्हातोच," ती म्हणाली. "वण हाय म्हंजे केलंय, वण न्हाई म्हंजे केलं न्हाई. कागुद कशाला पायजे? धोंडुआक्का, काकी, चला माजघरात. मी दाखवती. डोळ्यांनी बघा आन भाईर येऊन सांगा."

प्रयोग सोपा होता. साधनं लागत नव्हती, खर्च नव्हता, सांगलीला जायचं नव्हतं. चूल फुंकायला जेवढा वेळ लागतो त्याच्याआधी निकाल हातात येणार होता.

कुणी उठलं नाही. रावसाहेबांच्या सौभाग्यवतींनी पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला. रावसाहेब आढ्याला किती तुळया आहेत ते बघू लागले. धोंडुबाईंनी तर दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"आगं बया बया! असलं कुनी बघत असतंय व्हय? आमी काय लाज सोडलीया?"

आयुष्यभर ज्यांनी दुसरं काही बघितलं नाही, त्या डोळ्यांना कुणीतरी पहिल्यांदाच 'बघा' म्हटलं होतं आणि ते मिटले होते.

"मला बघाय नको," राहीबाई म्हणाल्या. "म्हैनाभर तापात मी अंग पुसलंय तिचं. वण न्हाई." पण आईची साक्ष घरची म्हणून कुणी धरली नाही.

"मग आता माजं ऐका," शालन म्हणाली. "ऑपरेशन करायचं का न्हाई ते माजं अजून ठरलं न्हाई. करावंसं वाटलं तर करीन, न्हाई वाटलं तर न्हाई. पर कुनाच्या कागदासाठी न्हाई, आन जे करीन त्येचा कागुद कुनाला मिळनार बी न्हाई. आन रावसाब, घालायचं आन काढायचं ह्ये इतकं सोपं असंल, तर आदी चिरंजीवांच्या अंगात काय घालून काढता येतंय का ते बगा."

चिरंजीव मोठ्याने हसले. दोन्ही भेटींत मिळून त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिलाच आवाज होता. वडिलांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. केरबा नुसत्याच चहावर गेला. आणि रात्रीपर्यंत भाऊसोंनी सोसायटीच्या ओट्यावर जाहीर केलं, की पोरीला शिकवून थोरल्या भावाने घराण्याचं नाव घालवलं.

सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेसाठी डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली होती. शालनने अर्ज केला होता आणि तिला बोलावणं आलं. ती निघाली त्या सकाळी सुभेदारांनी तिची पत्र्याची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि स्टँडवर आणली. एस.टी. लागेपर्यंत ते ताठ उभे होते. नव्या कवायतीचा पहिला दिवस असलेल्या जवानासारखे ते शब्द मात्र जरा चाचपडत होते.

"शालन," ते शेवटी म्हणाले, "त्या... त्या डाक्टरचं. तुला काय वाटतंय?"

"अजून इचार चाललाय, आबा."

"चालू दे," सुभेदार म्हणाले, आणि ट्रंक टपावर चढवायला शिडीकडे गेले.

विचार पुढे बरेच महिने चालला. मग शालनने ठरवलं, ठरवलं तसं केलं, आणि त्याचा तिला पुढे कधी पश्चात्ताप झाला नाही. काय ठरवलं ते इथे दिलेलं नाही. (छापताना राहून गेलेलं नाही.)

यावर वाचकांकडून 'मग शेवटी केलं की नाही?' अशी विचारणा होईल याची पूर्ण कल्पना आहे, आणि तिच्यामागची आपुलकीही समजण्यासारखी आहे. त्यांच्यासाठी एकच खुलासा. शालन काळी की गोरी, उंच की बुटकी, तिचा चेहरा कसा होता, डोळे कसे होते, हसताना ती कशी दिसे, यांतलं एक अक्षरही वरच्या मजकुरात कुठे आलेलं नाही. मजकूर तुम्ही शेवटपर्यंत बारकाईने वाचलात, आणि तुम्हाला काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही.